दुपारच्या मालिकेच्या पाट्या: नावाआधीचा शब्द वाचा

दुपारी दीडचा भाग संपायला येतो. चित्र आक्रसून कोपऱ्यात जातं, ‘पुढील भागात’ सुरू होतं आणि उरलेल्या पट्टीतून नावांच्या पाट्या पळायला लागतात. समजा साठ नावं आहेत आणि वेळ आहे बारा सेकंद. आपल्याकडचं टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं, म्हणजे एकूण ३०० फ्रेम. चार-चार नावांचं एक कार्ड धरलं तर १५ कार्डं, एका कार्डाच्या वाट्याला २० फ्रेम. पुरता सेकंदही नाही. एवढ्यात नाव दिसतं ते ज्याचं आहे त्यालाच.

हे असं का होतं? रेटिंग मिनिटामिनिटाचं मोजलं जातं. नावं निवांत सोडली की बघणारा रिमोट उचलतो, म्हणून नावं पट्टीत आणि चित्र चालूच. हे रेटिंग मोजणाऱ्या ‘बार्क’च्या आकड्यांत २०१५ च्या ऑक्टोबरपासून खेडीही धरली जातात, त्यामुळे आता दारव्ह्याकडच्या एखाद्या खेड्यातला रिमोटही वाहिनीला महत्त्वाचा. (कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी घरी असतं कोण, हा प्रश्न वेगळा.)

हे सगळं लिहायचं कारण आपल्या विदर्भातली लिहिणारी मंडळी. पूर्वेकडच्या झाडीपट्टीत नाटकं लिहिणारे, तालुक्याच्या एकांकिका स्पर्धेत दरवर्षी असणारे, वऱ्हाडी कविता म्हणणारे. यांतले पुष्कळ जण मुंबईला कथा पाठवतात आणि पहिला प्रश्न विचारतात, ‘नाव येईल ना?’ नाव येईलही. पण नावाआधी कोणता शब्द येईल, हे आधी विचारायला पाहिजे.

झाडीपट्टीत हा गोंधळ नाही. दिवाळीनंतर मंडई (गावजत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू झाले की वडशाहून नाटक कंपन्या निघतात. पोस्टरवर कंपनी, नाटक, लेखक, कलावंत, खाली आयोजक मंडळ. लेखक एकच, नाटक अथपासून इतिपर्यंत त्याचं, आणि गाडीवरच्या भोंग्यातून त्याचं नाव गावभर फिरतं. गडचिरोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामाबद्दल. या सवयीतून आलेल्या माणसाला मालिकेची यादी बुचकळ्यात टाकते, कारण तिच्यात ‘लेखक’ हा शब्दच सहसा नसतो. त्याच्या जागी चार-पाच शब्द असतात आणि प्रत्येक शब्दामागे वेगळा कागद, वेगळे पैसे आणि वेगळा हक्क असतो.

लिखाणाचे शब्द

‘संकल्पना’ म्हणजे एका ओळीत सांगता येईल ते. हा शब्द बहुधा वाहिनीच्या किंवा निर्मात्याच्या माणसाकडे जातो. ‘कथा’ म्हणजे त्यावर उभं केलेलं दहा-पंधरा पानांचं काम: पात्रं, त्यांची नाती, घर-गाव, पहिल्या तीन-चार महिन्यांची वळणं. धंद्यात याच्या वाढवलेल्या रूपाला ‘बायबल’ म्हणतात. कथेचे पैसे अनेकदा एकरकमी मिळतात आणि मालिका हजार भाग चालली तरी तेवढ्यावरच थांबतात. म्हणून कथा देताना ‘भागामागे अमुक’ अशी ओळ मागून बघावी. मिळेलच असं नाही, पण न मागता तर मुळीच मिळत नाही.

‘मूळ कथा’ किंवा ‘मूळ मालिका’ असं लिहिलेलं असेल तर ती दुसऱ्या भाषेतून आणलेली आहे. ‘श्रीमोयी’ या एकाच बंगाली मालिकेवरून डिसेंबर २०१९ मध्ये मराठीत ‘आई कुठे काय करते!’ आली आणि जुलै २०२० मध्ये हिंदीत ‘अनुपमा’. मूळ लेखिका लीना गंगोपाध्याय. मराठीत रोज भाग लिहिणारे हात मात्र इथलेच, आणि ही मालिका शेवटच्या वर्षी दुपारच्या वेळेला गेली तेव्हा तिला वळणं द्यायचं कामही त्यांचंच. रूपांतरित मालिकेत पहिले शे-दीडशे भाग मूळ धाग्याने जातात, पुढे वाट फुटते. यादीतला ‘मूळ कथा’ हा शब्द मात्र शेवटपर्यंत जागचा हलत नाही.

‘कथाविस्तार’ हा यातला सगळ्यांत कमी समजलेला शब्द, आणि माझ्या मते सगळ्यांत जड काम हेच. आठवड्याचे सहा भाग, कधी सात, आणि प्रत्येक भागात काय घडतं, कुठे ब्रेक घ्यायचा, शनिवारी कुठे अडकवून ठेवायचं हे ठरवणारा माणूस कथाविस्तार करतो. त्याच्याकडून भागागणिक एक-दोन पानं निघतात, त्याला ‘वन-लायनर’ म्हणतात. वाहिनीने ती मान्य केली की पुढे ‘पटकथा’: आठ ते दहा सीन, प्रत्येक सीनची जागा, दिवस की रात्र, पात्रं, लागणारी प्रॉपर्टी (म्हणजे सीनमधल्या वस्तू). मग ‘संवाद’: भागाला अठरा ते बावीस पानं, साधारण पानाला मिनिट.

मिनिटांचा हिशोब नियमातून येतो. केबल टीव्हीच्या नियमांनुसार तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती चालत नाहीत, म्हणजे अर्ध्या तासाला सहा. उरले २४. त्यातून शीर्षक, मागच्या भागाची आठवण आणि पुढच्या भागाची झलक वजा केली की हातात एकवीस-बावीस मिनिटं. आठवड्याचे सहा भाग म्हणजे संवादाची सव्वाशेच्या आसपास पानं, दर आठवड्याला, वर्षभर. एकट्याने होणारं हे काम नाही, म्हणून शब्द वाटले गेले.

एक भाग जवळून बघू. समजा कथाविस्तारात ओळ आली: ‘सुनंदा परस्पर कापूस विकते, सासऱ्याला काट्याच्या पावतीवरून कळतं.’ एवढंच. पटकथेत त्याचं होतं: ‘सीन ४. अंगण. दिवस. सासरे, सुनंदा, दीर. प्रॉपर्टी: काट्याची पावती, रिकामी पोती. सासरे पावती वाचतात. सुनंदा कबूल करते. पावती उलटवतात. मागे सही दिराची. ब्रेक.’ आणि संवादात:

‘कोनाले इचारून देल्ला कापूस?’

‘तुमाले इचारलं असतं तं तुमी देऊ देल्ला असता काय, मामाजी?’

बघणारा दुसऱ्या दिवशी बोलतो ते या दोन वाक्यांबद्दल. पण त्याला ब्रेकभर जागेवर बसवून ठेवलं ते दिराच्या सहीने, आणि ती सही पटकथाकाराची. कापूस विकायचा हे ठरवलं आणखी तिसऱ्यानेच. ‘मस्त लिहिलं’ म्हणताना कुणाला म्हणायचं, हे या तीन शब्दांवरून कळतं.

पाटीवरचं नाव आणि भागातलं लिखाण यांची फारकत होते ती ‘बँक’ आटली की. बँक म्हणजे तयार होऊन ठेवलेले भाग. आठ-दहा भाग हातात असले की सगळं रांगेने चालतं: एक आठवडा प्रक्षेपणात, एक एडिटवर, एक सेटवर, एक कागदावर. कलाकार आजारी पडला, वाहिनीने ट्रॅक (गोष्टीचा चालू धागा) फिरवला, पावसाने बाहेरचं शूटिंग बुडालं, की बँक दोन भागांवर येते. मग सीन सेटवर तुकड्यातुकड्याने पोहोचतात. लेखकाचा फोन लागला नाही तर सहायक दिग्दर्शक किंवा निर्मितीचा क्रिएटिव्ह जागेवर वाक्यं बसवतो. पाटीवर नाव ठरलेल्या लेखकाचंच जातं.

याच्या उलटही होतं. लेखक बदलतो, पण पाट्यांचं ग्राफिक टेम्प्लेट बदलायचं राहून जातं आणि नव्या माणसाचे पहिले आठ-दहा भाग जुन्याच्या नावावर जातात. त्यात शूटिंग भागाच्या क्रमाने होत नाही. स्वयंपाकघराचा सेट लावला की चार भागांतले स्वयंपाकघराचे सीन एका दिवसात उरकतात. मग एकाच भागात दोन लेखकांचे सीन येतात आणि कार्डावर जागा एकालाच.

तिसरा प्रकार ‘असिस्ट करण्याचा’. मोठ्या नावाच्या लेखकाकडे दोन-चार मालिका असतात, हाताखाली दोन-तीन मुलं असतात. गावाकडून गेलेल्याला पहिलं काम बहुतेक इथेच मिळतं. आठवड्याला तीन भागांचे संवाद तो लिहितो, पैसे लेखक आपल्या खिशातून देतो, नाव कुठेच नाही. यात लगेच भांडायला जाऊ नका. शिकायला ही जागा चांगली आहे. पण तीन महिने झाले की ‘लेखन सहाय्य’ किंवा ‘संवाद सहाय्य’ एवढं श्रेय मागायचं. हे शब्द यादीत चालतात आणि ते दिल्याने कुणाचं काही जात नाही.

अमेरिकेत, जिथून या दुपारच्या मालिकांचा धंदा आला, तिथे ही वाटणी आधीपासून उघड आहे. साबणाच्या कंपन्या प्रायोजक, म्हणून अशा मालिकांना ‘सोप’ म्हणतात. ‘गायडिंग लाइट’ १९३७ च्या जानेवारीत रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये टीव्हीवर आली आणि २००९ च्या सप्टेंबरमध्ये संपली. तिथे ‘हेड रायटर’ लांबचा धागा ठरवतो, ‘ब्रेकडाउन रायटर’ भागाचा आराखडा करतो, ‘स्क्रिप्ट रायटर’ संवाद लिहितो. आपल्या कथाविस्तार, पटकथा आणि संवाद यांच्याशी हे बरंचसं जुळतं. फरक ‘निर्माण करणारा’ या श्रेयात. ‘द यंग अँड द रेस्टलेस’ १९७३ मध्ये विल्यम बेल आणि ली फिलिप बेल या नवरा-बायकोने उभी केली. विल्यम बेल २००५ मध्ये गेले, तरी त्यांचं नाव मालिकेच्या पाटीवर कायम राहिलं. आपल्याकडे कथा देणाऱ्याचं नाव वर्षभरानेही पाटीवर असेल का, हे करारातल्या एका ओळीवर ठरतं.

निर्मितीचे शब्द

इथे मोठा घोटाळा ‘निर्माता’ या शब्दाचा. आजच्या खासगी वाहिन्यांवर बहुतेक मालिका कमिशन पद्धतीच्या असतात. वाहिनी भागामागे ठरलेली रक्कम देते, निर्मिती संस्था त्यात भाग करून देते, हक्क वाहिनीकडे. एखाद्या दिवशी शिफ्ट लांबली तर तोटा निर्मात्याचा. मालिका गाजली आणि दुसऱ्या भाषेत विकली गेली तर फायदा वाहिनीचा. दूरदर्शनच्या प्रायोजित मालिकांत गणित उलटं होतं. निर्माता प्रक्षेपणाचं शुल्क भरायचा, बदल्यात जाहिरातींची काही सेकंदं मिळायची आणि ती विकून पैसे उभे करायचा. म्हणजे जुन्या मालिकेतला ‘निर्माता’ हा खिशाला खार लावून बसलेला मालक, आणि आजचा बहुतेक वेळा ठेकेदार. शब्द तोच.

म्हणून शेवटच्या कार्डावरची ‘©’ची ओळ बघायची. तिच्यापुढे वाहिनीचं नाव आणि साल असेल तर कथेच्या रिमेकबद्दल निर्मात्याशी बोलून उपयोग नाही. ते त्याच्या हातात नाही. साठ नावांत ही ओळ सगळ्यांत बारीक टायपात असते.

‘कार्यकारी निर्माता’ आपल्याकडे निर्मात्याच्या हाताखालचा: कलाकारांच्या तारखा, सेट, रोजचा खर्च. अमेरिकेत ‘एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर’ म्हणजे मालिकेचा सर्वेसर्वा. त्यात वाहिनीकडेही एक ‘ईपी’ असतो, जो स्क्रिप्ट मान्य करतो. फोनवर कुणी ‘मी ईपी बोलतोय’ म्हणालं तर ‘वाहिनीचे की प्रॉडक्शनचे?’ हे तिथल्या तिथे विचारून घ्या. कागद मान्य करणारा एक आणि बिल पुढे सरकवणारा दुसरा.

‘क्रिएटिव्ह हेड’, ‘क्रिएटिव्ह प्रोड्यूसर’ ही नावं यादीत निर्मितीच्या गटात असतात, हात मात्र लिखाणात. कथेच्या बैठकीत बसणारे, ‘ही सून एवढं ऐकून घेणार नाही’ म्हणणारे, ट्रॅक फिरवणारे हेच. चांगला क्रिएटिव्ह लेखकाला वाचवतो. वाईट असेल तर वाहिनीचा प्रत्येक शेरा जशाच्या तसा खाली ढकलतो आणि लेखक एकच सीन पाचदा लिहितो.

दिग्दर्शनातही दोन शब्द आहेत. ‘मालिका दिग्दर्शक’ सुरुवातीचे भाग बसवून रंग-ढंग ठरवतो. नंतर रोजचं काम ‘दिग्दर्शक’ किंवा ‘भाग दिग्दर्शक’ करतो. घाईत दोन युनिटं दोन जागी चालतात आणि एका भागात दोघांचं काम मिसळतं. कायद्याला यातलं काहीच ठाऊक नाही: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा, आणि त्याच व्याख्येत बसणाऱ्या मालिकेचा, ‘कर्ता’ निर्माता आहे, दिग्दर्शक नाही. पुढाकार आणि जबाबदारी ज्याची, तो निर्माता.

बाकी निर्मिती व्यवस्थापक, कला, वेशभूषा, रंगभूषा, छायाचित्रण, संकलन यांची नावं वाचताना अडचण येत नाही.

कागदावर काय असावं

नुसत्या कल्पनेवर हक्क नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या नाटकाच्या खटल्यात हे स्पष्ट केलं: कल्पना, विषय, कथेचा ढाचा यांवर कॉपीराइट नाही, तो मांडणीवर आहे. त्यामुळे ‘शेतकऱ्याच्या विधवेची गोष्ट’ असं दोन ओळींत पाठवणं म्हणजे मांडवाबाहेर चप्पल सोडणं. परत मिळाली तर मिळाली. पात्रांची नावं, नाती, पहिले वीस भाग, दोन-तीन पूर्ण लिहिलेले सीन, एवढं झाल्याशिवाय पाठवू नका.

पाठवण्याआधी नोंदणी. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व आणि कथेची नोंदणी दोन्ही ऑनलाइन होतात. त्यासाठी रेल्वेचं तिकीट काढायचं कारण नाही. मराठीत मालिका, नाटक आणि चित्रपट लेखकांची ‘मानाचि’ ही संघटना आहे. असोसिएशनची नोंदणी म्हणजे अमुक तारखेला हा मजकूर तुमच्याकडे होता, याचा पुरावा. सरकारी नोंदणी हवी असेल तर दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाकडे फॉर्म १४ भरायचा, साहित्यकृतीला शुल्क ५०० रुपये, आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबायचं. कॉपीराइट लिहिल्याक्षणीच तयार होतो, नोंदणी सक्तीची नाही; पण तंटा झाला की तारीख लागतेच.

कथा ऐकवायला व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवू नका. पीडीएफ, स्वतःच्या ई-मेलवरून, पानागणिक नाव आणि तारीख. तालुक्याच्या नेट कॅफेतून पाठवणार असाल तर त्यांच्या खात्यावरून नको.

करार करताना हे लक्षात ठेवा. तुम्ही नोकरीत नसाल, तर लिखाणाचे पहिले मालक तुम्हीच आणि हक्क फक्त लेखी करारानेच दुसऱ्याकडे जातात. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणूनच छापील करारांत ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण विश्वात’ असे शब्द असतात. ते कुणी हौसेने लिहिलेले नसतात. हक्क विकले तरी कलम ५७ प्रमाणे ‘हे मी लिहिलं’ असं म्हणण्याचा हक्क लेखकाकडे राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातला रॉयल्टीचा वाटाही लेखकाला सोडून देता येत नाही. हातात पैसा येणं ही वेगळी लढाई, पण ‘मी रॉयल्टी सोडतो’ या ओळीखाली सही करायला सांगितली तर तिचं वजन काय आहे ते माहीत असू द्या.

श्रेयाचं कलम असं मागा: ‘लेखकाचे नाव “पटकथा” या श्रेयासह, सोबत जोडलेल्या देवनागरी व रोमन अक्षररचनेनुसार, त्याने लिहिलेल्या प्रत्येक भागात सुरुवातीच्या पाट्यांमध्ये दाखवले जाईल. पुनःप्रक्षेपण, ॲप व इतर वाहिन्यांवरही ते कायम राहील.’ ‘सुरुवातीच्या’ हा शब्द सोडू नका. ॲपवर शेवटची पट्टी सुरू होते न होते तोच पुढचा भाग लागतो. पहिल्या सीनवर आलेलं नाव टिकतं.

समोरून येणाऱ्या मसुद्यात दोन वाक्यं बघून ठेवा. एक, ‘श्रेय वाहिनीच्या धोरणानुसार देण्यात येईल’. हे एकटं वाक्य वरचं सगळं गिळतं. दुसरं, ‘श्रेय देताना अनवधानाने झालेली चूक करारभंग मानली जाणार नाही’. हे काढून टाका म्हटलं तर कुणी काढत नाही. त्याला शेपूट जोडा: ‘लेखी कळवल्यापासून सात दिवसांत दुरुस्ती केली जाईल.’ याला सहसा नकार येत नाही.

पैशाचाही श्रेयाशी संबंध आहे. ‘लिहून दिलेल्या भागामागे’ आणि ‘प्रक्षेपित भागामागे’ यांत फरक आहे. वाहिनीने ट्रॅक टाकून दिला तर दुसऱ्या प्रकारात मेहनत बुडते. पैसे प्रक्षेपणानंतर साठ ते नव्वद दिवसांनी येणं या धंद्यात नेहमीचं, तेवढा दाणापाणी हाताशी धरूनच मुंबईत खोली घ्या. बिलावर भागांचे क्रमांक लिहा. कंपनी १० टक्के टीडीएस कापते आणि तो तुमच्या प्राप्तिकराच्या पत्रकात (२६एएस) कंपनीच्या नावासकट दिसतो. पाटीवर नाव आलं नाही तरी या कंपनीने या काळात मला पैसे दिले, हे त्यातून सिद्ध होतं. मुख्य लेखकाने रोख दिले तर ही खूणही उरत नाही.

एक वही ठेवा: भागाचा क्रमांक, प्रक्षेपणाची तारीख, काय लिहिलं, ई-मेल कधी गेला, पाटीवर नाव कसं आलं. रात्रीच्या भागाचं पुनःप्रक्षेपण दुपारी लागतं तेव्हा पडताळायला दुसरी संधी मिळते. त्या वेळी लाईन गेली तर ॲपवर थांबवून स्क्रीनशॉट. आयएमडीबीवर नाव चढवायला हरकत नाही, पण ती माहिती कुणीही भरू शकतो, त्यामुळे पुरावा म्हणून तिच्यावर विसंबू नका.

नावाचं लेखन

करारात देवनागरी अक्षररचना जोडा म्हटलं, त्याचं कारण आपली आडनावं. ‘वऱ्हाडे’, ‘कुऱ्हाडे’, ‘ऱ्हाटे’ यांतला तो अर्धचंद्रासारखा र पाट्यांवर हमखास मोडतो. साधा र, हलन्त आणि ह असं टाइप केलं की रफार होतो आणि ‘वर्हाडे’ उमटतं. त्यासाठी युनिकोडमधला वेगळा ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘ह’ लागतो. श्रीलिपी या जुन्या टायपिंग पद्धतीतला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना हीच जागा आधी घसरते. दुसरा घोळ ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरचा. ॲडोबीत टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’वर ठेवलं नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन पडते आणि जोडाक्षरं सुटी होतात. ‘खोब्रागडे’तला ‘ब्र’, ‘मेश्राम’मधला ‘श्र’ असे फुटलेले दिसले तर दोष टाइप करणाऱ्याचा नसेल, सेटिंगचा असेल. नावाचं पीएनजी चित्र सोबत पाठवलं तर ग्राफिक्सवाल्याला ताडून बघता येतं.

रोमन लेखनही एकच ठरवा आणि मरेपर्यंत तेच ठेवा. एकदा एक ‘ए’ आणि एकदा दोन ‘ए’ लावले की ॲपवर तुमची दोन माणसं होतात.

बोलीचं श्रेय

विदर्भातल्या माणसाला मालिकेत शिरायला सध्याचा सोपा दरवाजा ‘बोलीभाषा मार्गदर्शन’. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली नागपूरची राधिका २०१६ ते २०२१ घरोघरी बोलत होती, तेव्हापासून मुंबईच्या कानाला हा सूर ओळखीचा आहे. अडचण अशी की सगळ्यांना एकच सूर लावतात. ‘करून राहिलो’, ‘काऊन’ आणि ‘बाप्पा’ पेरले की झालं वैदर्भी! अकोल्याकडच्या वऱ्हाडीत डोळ्याचा ‘डोया’ होतो, काळ्याचा ‘काया’. नागपूर शहरातला माणूस तसं बोलेलच असं नाही. भंडारा-गोंदियाची झाडीबोली तर आणखी निराळी. सून गोंदियाची आणि सासर अकोटचं दाखवायचं असेल तर सून आणि सासू यांची वाक्यं वेगळी निघाली पाहिजेत, आणि सासऱ्याला सून ‘मामाजी’ म्हणेल, ‘बाबा’ नाही.

काम असं असतं: शूटिंगच्या दोन दिवस आधी संवादाची वीस पानं येतात, त्यांवर खुणा करून त्याच संध्याकाळी परत पाठवायची, आणि कलाकारांसाठी अवघड वाक्यं आवाजात रेकॉर्ड करून द्यायची. वाक्य सावकाश एकदा, चालीत एकदा. लेखकाचं वाक्य बदलायचं नाही, त्याचा उच्चार आणि प्रत्यय बदलायचे. अर्थ बदलत असेल तर समासात लिहून पाठवायचं. पुष्कळदा मार्गदर्शक पहिल्या तीस-चाळीस भागांपुरता बोलावतात, नंतर कलाकारांच्या तोंडात बोली बसली की बोलावणं थांबतं. पाटीवरचं नाव कधी दुसऱ्या आठवड्यातच गळतं, कधी काम सोडल्यावर सहा महिने तसंच चालू राहतं आणि दुसऱ्याच्या चुकांबद्दल गावातले लोक तुम्हाला विचारतात, ‘हे असं कुठं बोलतेत बे?’ करारात भागांचे क्रमांक लिहून घ्या: १ पासून ४० पर्यंत, आणि ४१ पासून नाव काढायचं.